डाव्या कोपऱ्यातलं आकाश

रुवीत दारावर पोस्टमन येत नसे.
घराला पत्ता नव्हता, नुसती खूण होती:
चटया विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसरा मजला.
पत्ता बाबांच्या कंपनीचा, टायरवाल्यांचा,
पीओ बॉक्स सोळाशे सात,
आणि बॉक्सची किल्ली दादकरीमच्या कमरेला.

बाबा डायरीत घालून आणायचे कार्ड.
मी वाचण्याआधी हुंगायचे.
हंगेरीला रबराचा वास येतो
हे मला अकराव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

तिचं नाव इल्दिको. गाव पेच.
"गावच पेच, मग सुटायचा कसा?" आई म्हणायची.
पहिल्या कार्डावर तिकीट होतं, कोल्ह्याचं,
त्यावरचं मग्यार पोस्ता
दादा मोठ्यानं वाचायचा: मग, यार, पोस्टा?

त्यानंतरची सगळी कार्डं आली कोपरा गमावून.
ब्लेडनं कापलेला, सरळ, चौकोनी.
उलटून पाहिलं की चित्रात
डावीकडचं वरचं आकाश नसायचं.
एका चर्चचा तर कळसच गेला.
सेन्सॉर असेल, बाबा म्हणाले.
मी इल्दिकोला लिहिलं, कापू नकोस ना.
तिनं डिक्शनरीतून एकेक शब्द वेचून विचारलं:
मी नाही कापत. तुमच्या देशात तिकिटं खातात का?

खिडकीतून काय दिसतं, हेही तिनं विचारलेलं.
डोंगर, मी लिहिलं. हजामत केल्यासारखे.
एसीचं पाणी जिथे ठिबकतं
तिथे खाली एक हिरवं पान उगवलंय, तेवढंच.
पुढच्या कार्डात तिनं पानाची तब्येत विचारली.

अठ्ठ्याऐंशीचा मे. शेवटचं कार्ड.
उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर जाणार,
बाकी पुढच्या कार्डात.

पुढचं कार्ड आलं नाही.
मी दोन पत्रं लिहिली, टाकली नाहीत.
रुसायला तेराव्या वर्षी फार कारण लागत नाही.
मग ते पानही वाळलं, किंवा कुणी झाडून काढलं.

चौऱ्याण्णवला बाबांचा हिशेब झाला.
खोकी बांधून झाली होती
तेव्हा दादकरीम पहिल्यांदाच जिना चढून वर आला,
हातात निडोचा रिकामा डबा.
रिकामा नव्हता.
तेवीस तिकिटं. मासे, फुलपाखरं, आगगाडी,
शिंगं वळलेला एक मेंढा.
माफी वगैरे त्यानं मागितली नाही.
"हमको पढ़ना किधर आता है," म्हणाला,
"लिखा हुआ तुम्हारा, फोटू हमारा. आधा-आधा."
आईनं त्याला चहा दिला
आणि वजनात न बसणारी लोणच्याची बरणी.
मी दोन्ही वेळा तोंड फिरवून बसले होते.

तो गेल्यावर खोकं फोडलं.
उघड्या फरशीवर कार्डं पसरली, पालथी,
आणि तिकिटं उलटी करून लावत गेले.
प्रत्येकाच्या पाठीला आकाशाचा तुकडा.
ढग ढगाला मिळाला,
कळसाला क्रूस मिळाला,
शिक्क्याचं अर्धं वर्तुळ उरलेल्या अर्ध्याला.

बावीस जुळली.

तेविसाव्यावर मासा.
शिक्क्यात ऑगस्ट, अठ्ठ्याऐंशी.
पाठीला निळं. तळं की आकाश, कळत नाही.
मधे एक पांढरा ठिपका:
शीड असेल, पक्षी असेल,
किंवा छापखान्यातला कचरा.

जिना उतरून रस्त्यापर्यंत धावले.
तो पिकअपमध्ये बसत होता.
"याचं कार्ड कुठंय?"
त्यानं तिकीट हातात घेतलं,
उजेडात धरून नीट पाहिलं, ओळख पटली.
"ये?" तो हसला. "ये तो मछली."

आता मीही इथलीच, अल खुवैरला,
माझाही एक बॉक्स आहे. बँकेचे कागद येतात.
बाकीची तिकिटं सोडवली मी कधीच,
टाकीच्या कोमट पाण्यात बशी भरून,
टिपकागदावर वाळवली.
हे एक तेवढं ठेवलंय.
मासाच आहे खरं तर,
पण पाण्यात सोडवत नाही.